जुन्या मायक्रोफोनची निगा

बेळगावहून खानापूरकडे निघालेल्या वाटसरूस शहर ओलांडताच थोड्या अंतरावर मच्छे हे गाव लागते. भोवतालचा मुलूख भातशेतीचा. गावालगतच्या औद्योगिक वसाहतीत मात्र लेथ यंत्रांचा खडखडाट असतो. सह्याद्रीवरून उतरणारा पाऊस शेत आणि कारखाना असा भेद करीत नाही. आषाढ लागला म्हणजे भिंतींना ओल येते, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात आणि तबल्याचे कातडे सैल पडून सूर उतरतो. या भागातील भजनी मंडळ्यांना हे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गाण्याच्या साहित्यात याच ओलाव्याने सर्वांत लवकर आजारी पडणारी आणखी एक वस्तू आहे. ती म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या खोलीतील व्हॉल्व्हचा मायक्रोफोन. त्याचे आजार ओळखावयाचे, तर त्याचा जन्म कसा झाला हे आधी पाहिले पाहिजे.

गायसबर्ग नावाचे ध्वनिमुद्रक 1902 साली कलकत्त्यास आले, तेव्हा मायक्रोफोनचा उपयोग होत नव्हता. गायकाने भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावयाचे आणि त्या आवाजाच्या बळावरच सुईने मेणात रेघ कोरावयाची, अशी ती रीत होती. हळुवार मुरकी, श्वासाची कुजबूज, तंबोऱ्याची आस त्या कर्ण्यातून मेणापर्यंत पोहोचतच नसे. 1916 साली अमेरिकेत वेंटे या शास्त्रज्ञाने विजेवर चालणारा एक नवा कान तयार केला आणि 1925 पासून विजेचे ध्वनिमुद्रण रूढ झाले. 23 जुलै 1927 रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, ते याच नव्या युगात. पुढे पाचच वर्षांनी कोल्हापुरात प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. पडद्यावरील पात्रांना वाचा आली, तीही मायक्रोफोनच्याच कृपेने.

वेंटेच्या मायक्रोफोनचे तत्त्व सोपे आहे. एक जाड, स्थिर चकती आणि तिच्यासमोर केसाहूनही कितीतरी पातळ असा पडदा. दोहोंमध्ये विजेचा भार ठेवावयाचा. आवाजाने पडदा थरथरला की दोहोंतील अंतर किंचित कमीजास्त होते आणि त्याबरोबर विजेचा दाबही हलतो. मात्र ही हालचाल इतकी दुबळी असते की लांब तारेतून ती जिवंत पोहोचत नाही. म्हणून पडद्याच्या अगदी जवळ, त्याच डब्यात, तिला बळ देणारा व्हॉल्व्ह बसवावा लागला. व्हॉल्व्हला उष्णता हवी, उच्च दाबाची वीज हवी. त्यासाठी वीजपुरवठ्याची निराळी पेटी आणि अनेक तारांची केबल आली. एका नाजूक पडद्यासाठी एवढा संसार उभा राहिला.

हा संसार सुबकपणे मांडण्याचे श्रेय बर्लिनच्या गेओर्ग नॉयमान यांना जाते. त्यांनी 1928 साली बाजारात आणलेला मायक्रोफोन आकारामुळे ‘बाटली’ या नावाने ओळखला जाई. महायुद्धानंतर, 1949 साली, त्यांचा यू 47 आला आणि जगभरच्या गायकांचा तो आवडता झाला. 1953 साली व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा सी 12 आला. यू 47 मधील व्हीएफ 14 हा व्हॉल्व्ह मुळात साध्या रेडिओसाठी केलेला होता. त्यांतील शांत नग वेचून घेतले जात आणि 55 व्होल्टसाठी योजलेला तापक तंतू सुमारे 36 व्होल्टवरच तापविला जाई. यंत्राला त्याच्या शक्तीपेक्षा कमी राबवावे म्हणजे ते अधिक टिकते, ही काळजी त्याच्या रचनेतच घेतलेली होती. पुढे तो व्हॉल्व्ह बनावयाचा थांबला, 1965 च्या सुमारास यू 47 ही बंद झाला, आणि ट्रान्झिस्टरचे मायक्रोफोन आले. आज जुना नग बिघडला, तर तसाच दुसरा व्हॉल्व्ह सहजासहजी मिळत नाही. म्हणूनच त्याच्या शुश्रूषेत घाई चालत नाही.

उत्तम दुरुस्ती करणारा कारागीर पहिल्याच क्षणी स्क्रू काढीत नाही. तो आधी ऐकतो. मच्छे किंवा उद्यमबाग येथील जाणता यंत्रकारागीरही बेअरिंगचा आवाज ऐकल्यावाचून यंत्र उघडत नाही. मायक्रोफोनच्या आवाजातही रोगाची लक्षणे वेगवेगळी असतात. सतत एकसुरी घुमणारी गुणगुण बहुधा वीजपुरवठ्याच्या पेटीतील वाळलेल्या कपॅसिटरकडे किंवा तुटलेल्या अर्थिंगकडे बोट दाखविते. एकसारखी सळसळ वाढत चालली, तर व्हॉल्व्ह थकला असण्याचा संभव असतो. डब्याला टिचकी मारताच घंटेसारखा नाद उमटला, तर संशय पुन्हा व्हॉल्व्हवरच येतो. आवाजातील खर्ज नाहीसा होऊन नुसता कोरडा चिरका स्वर उरला, तर पडद्याजवळच्या अतिउच्च रोधांवर ओल वा मळ बसून वीज गळत असावी. आणि पावसाळ्यातच अधूनमधून तडतड होत असेल, तर निदान हवेनेच करून ठेवलेले असते.

यानंतर तपासाचा क्रम येतो. तो बाहेरून आत जाणारा असावा. प्रथम केबल आणि तिची टोके पाहावीत, कारण कितीतरी वेळा दोष गंजलेल्या टोकातच सापडतो. मग वीजपुरवठ्याची पेटी, मग व्हॉल्व्ह, मग आतील जोडण्या आणि सर्वांत शेवटी पडदा. चांगला म्हणून ठाऊक असलेला भाग लावून पाहावा. परंतु एका वेळी एकच भाग बदलावा. दोन भाग एकदम बदलले आणि दोष गेला, तर तो कोणत्या भागात होता हे कधीच कळत नाही. प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद वहीत ठेवावी. आज केलेली नोंद दहा वर्षांनी दुसऱ्या कारागिराच्या उपयोगी पडते.

या कामात जिवाचीही काळजी घ्यावी लागते. पेटीतून शंभराहून अधिक व्होल्टचा दाब येतो आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ राहतो. वीज चालू असताना केबल काढू अथवा लावू नये. ज्याला या विद्येचा सराव नाही, त्याने पेटी उघडू नये. पडद्याला तर अनुभवी हातानेही उगाच स्पर्श करू नये. त्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर असतो. कापसाच्या एका चुकीच्या फटकाऱ्याने तो निघून गेला की पूर्वीचा आवाज परत येत नाही. काही जुन्या पडद्यांचे प्लॅस्टिक वयानुसार ताठरही झालेले असते. पडद्यावर थोडी धूळ दिसली आणि आवाज ठीक असला, तर धूळ तशीच राहू द्यावी. ‘चालू आहे का?’ हे पाहण्यासाठी मायक्रोफोनवर फुंकर मारण्याची खोड सभामंडपात जितकी सर्रास, तितकीच इथे घातक. त्या फुंकरीबरोबर वारा आणि वाफ दोन्ही आत जातात.

रोजची निगा साधी आहे. काम संपले की मायक्रोफोनवर स्वच्छ आच्छादन घालावे. वापरण्यापूर्वी अर्धा तास वीज चालू ठेवावी, म्हणजे व्हॉल्व्ह स्थिर होतो आणि त्याच्या उबेने आतला दमटपणाही ओसरतो. पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि त्या पुड्या वेळोवेळी वाळवाव्यात. तडतड सुरू झाली, तर दुरुस्तीची हत्यारे काढण्यापूर्वी त्याला एकदोन दिवस कोरड्या उबेत विश्रांती द्यावी. पुष्कळदा एवढ्यानेच तो बरा होतो. तबल्याला ऊब देऊन चढविणाऱ्या मंडळींना हा उपचार नवा वाटणार नाही.

एका यंत्रासाठी इतके कष्ट कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. सीमाभागातील घरांत 1950 मध्ये धारवाड, 1953 मध्ये पुणे आणि 1963 मध्ये सांगली ही केंद्रे सुरू झाल्यानंतर गाणे घराघरांत पोहोचले. 1955 च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा त्या काळच्या यंत्रांत सर्वत्र व्हॉल्व्हच जळत होते. श्रोता गीताचा कर्ता कोण, गायक कोण हे विचारतो. मधल्या यंत्राची चौकशी तो करीत नाही. परंतु त्या यंत्रात तडतड असती, तर ती गीताबरोबर कायमची फितीवर उतरली असती. गायकाला चुकलेली तान पुन्हा घेता येते. गायक हयात नसताना बिघडलेली मुद्रिका पुन्हा घेता येत नाही.

याच बेळगाव तालुक्यातील सुळेभावी या गावी 1924 साली एका मुलाचा जन्म झाला. ध्वनिमुद्रिकांतून ऐकलेल्या थोर गायकांची गायकी तो बालपणीच हुबेहूब उचलीत असे. पुढे तो कुमार गंधर्व या नावाने विख्यात झाला. त्या तबकड्यांवर मूळ आवाज उमटविणाऱ्या कारागिरांना त्यांचे शब्द नि सूर कोणत्या गावी, कोणाच्या कानी पडतील याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी आपल्या हातातील यंत्र तेवढे नीट राखले होते.