सारंगपाणी रस्त्यावरचं घर

महाप्रलयात वाहत आलेला अमृताचा कुंभ इथे टेकला, ही कुंभकोणमची कथा. सर टी. माधवरावांसारखा तंजावरी मराठी मुत्सद्दी ज्या गावात जन्मला, त्याच गावात श्रीनिवास रामानुजन लहानाचे मोठे झाले.

सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं त्यांचं घर अगदी साधं. पुढे ओटा, आत खिडकीशी खाट. कागद परवडत नसे, म्हणून रामानुजन पाटीवर गणित मांडत, कोपराने पुसत आणि पुढचं लिहीत. 1914 मध्ये ते केंब्रिजला गेले, 1918 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि 1920 मध्ये, अवघ्या 32 व्या वर्षी, गेले.

त्यांची आठवण पुढे सातासमुद्रापार जागती राहिली. 1976 मध्ये अमेरिकी गणिती जॉर्ज अँड्र्यूज यांना केंब्रिजच्या रेन ग्रंथालयात रामानुजनांची ‘हरवलेली वही’ गवसली. नवऱ्याचा पुतळा कुठेच नाही, ही रामानुजनांच्या पत्नी जानकी अम्मल यांची खंत गणिती रिचर्ड अस्की यांच्या मनाला लागली. त्यांनी देशोदेशींच्या गणितज्ञांकडून वर्गणी जमवली आणि शिल्पकार पॉल ग्रॅनलंड यांनी अर्धपुतळा घडवला. 1991 मध्ये रॉबर्ट कॅनिगेल यांनी लिहिलेलं चरित्र आलं, 2007 मध्ये लंडनच्या ‘कॉम्प्लिसिते’ नाट्यसंस्थेचं नाटक आणि 2015 मध्ये देव पटेलचा चित्रपट. गणिताच्या वर्गातलं नाव परदेशातल्या घराघरांत पोचलं.

गावातलं घर मात्र कुणीतरी सांभाळायला हवं होतं. ते काम तंजावरच्या ‘शास्त्र’ विद्यापीठाने अंगावर घेतलं. कुंभकोणमला श्रीनिवास रामानुजन केंद्र उभं राहिलं. 2003 मध्ये विद्यापीठाने घर विकत घेऊन जतन केलं आणि राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते देशाला अर्पण केलं.

2005 पासून विद्यापीठ तरुण गणितज्ञांना रामानुजन पुरस्कार देतं. रक्कम 10,000 डॉलर, वयाची अट 32. रामानुजनांना आयुष्य लाभलं तेवढंच. पहिला मान मंजुल भार्गव आणि कन्नन सौंदरराजन यांचा. पुढे टेरेन्स टाओ, अक्षय वेंकटेश, जेम्स मेनार्ड, मरीना व्याझोव्स्का. यांतले अनेक फील्ड्स पदकाचेही मानकरी.

सोहळा होतो 22 डिसेंबरच्या, म्हणजे रामानुजनांच्या जन्मदिवसाच्या सुमारास आणि तोही कुंभकोणमलाच. एके काळी इथल्या पोराला आपलं गणित कुणाला तरी कळावं म्हणून इंग्लंडला पत्रं लिहावी लागली होती. आता प्रिन्स्टन-ऑक्सफर्डचे गणिती त्याच्या गावी येतात. पाटी पुसली गेली, पण ओटा जागेवर आहे. तो तसाच राहावा.