यंत्राचा कौल आणि रुग्णाचा होकार

नवे वैद्यक आणि रुग्णाचा विश्वास यांचा विचार मोठ्या शहरांतील रुग्णालयांवरून करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आम्हांस मात्र या प्रश्नाचा इतिहास महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलुखात अधिक स्पष्ट दिसतो.

या भागात लाल विंचू म्हणजे एके काळी साक्षात काळ. दंश झालेल्या माणसास ओकाऱ्या होत, घामाच्या धारा लागत, हातपाय गार पडत, आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचून तो दगावे. गंभीर रुग्णांपैकी शेकडा 30 च्या आसपास माणसे मरत. मांत्रिकाकडे धावणाऱ्यांस अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु दवाखान्यातही खात्रीचा उपाय नव्हता, हे विसरून चालणार नाही.

1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. पुढे पोलादपूर व महाड येथेही त्यांचे काम चालले. रुग्णांच्या लक्षणांवर त्यांनी बारकाईने लक्ष ठेवले. त्यावरील त्यांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. विषाने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि हृदय थकते. त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध गुणकारी ठरते, असे त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 1986 मध्ये त्याच नियतकालिकात मांडले. या उपचाराने मृत्यूचे प्रमाण शेकडा एकच्या घरात उतरले.

औषधाइतकीच ते देण्याची रीत महत्त्वाची. मुलास वजनाप्रमाणे मात्रा द्यायची, आणि हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी ती पुन्हा द्यायची. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरण्याचा संभव असतो. म्हणून मुलास उचलून घेऊ नका, असे आईबापांस समजावून सांगावे लागते. माणसागणिक चिकित्सा ती हीच. तिचे गमक आईच्या हातालाही कळण्याजोगे होते, आणि तिच्या सहकार्यावाचून ती पुरी होत नव्हती. विश्वास बसला तो यामुळे.

आता चिकित्सा पुन्हा माणसागणिक होऊ पाहत आहे, पण यंत्रांच्या द्वारे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 2021 मध्ये देशभर सुरू झाले. रुग्णाच्या नोंदी 14 अंकी क्रमांकाशी जोडता येतात. हा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. परंतु तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन रांगेत उभी असलेली बाई ‘नको’ म्हणू शकते काय? तिला असे म्हणता येते, हे तिला कोणी सांगितले आहे काय?

समीरा कोहली प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तपासणीस दिलेली संमती ही उपचारास दिलेली संमती नव्हे. हाच न्याय नोंदींनाही लावावयास हवा, असे आम्हांस वाटते. एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामी वापरणे हा विश्वासघातच होय.

यंत्रामागे पैशाचा व्यवहारही असतो. रुग्णास एमआरआय तपासणीस पाठविल्याबद्दल आलेला 1200 रुपयांचा धनादेश डॉ. बावस्करांनी स्वीकारला नाही. 2013 मध्ये त्यांनी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. ही तपासणी माझ्यासाठी की दुसऱ्या कोणाच्या लाभासाठी, हा संशय एकदा मनात शिरला की उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते.

यंत्राशी आमचे वैर नाही. प्राझोसिनही प्रयोगशाळेतूनच आले. कोकणात देवाचा कौल लावणारा माणूस कौलाचे कारण विचारीत नाही. वैद्यकात मात्र कारण विचारण्याचा रुग्णास अधिकार आहे. यंत्राने सुचविलेला उपचार का करावयाचा, हे रुग्णास त्याच्या भाषेत सांगता आले पाहिजे, आणि त्याने नकार दिला तरी दवाखान्याचे दार त्यास उघडे राहिले पाहिजे. एवढे साधले तरच त्याच्या होकारास काही अर्थ आहे.