काचेवरचे चेहरे आणि जतनाचा प्रश्न

हस्तलिखिताचे पान कसरीने खाल्ले, तर गळालेला शब्द संदर्भावरून, छंदावरून अथवा दुसऱ्या प्रतीवरून सुचवता येतो. पाठचिकित्सा उभी आहे ती याच शक्यतेवर. छायाचित्राच्या निगेटिव्हला ही सोय नाही. ती बहुधा एकुलती एक प्रत असते, आणि तिच्यावरचा चेहरा एकदा गेला की कोणताही संपादक तो अनुमानाने भरून काढू शकत नाही.

रुमानियातील स्लोबोझिया या लहान शहरातल्या यालोमित्सा जिल्हा संग्रहालयाचे उदाहरण येथे आठवते. पहिल्या महायुद्धात लष्करासाठी छायाचित्रे काढणाऱ्या कोस्तिका अक्सिन्ते (१८९७–१९८४) याने १९३० मध्ये या गावी ‘फोटो स्प्लेंडिड’ नावाचा स्टुडिओ थाटला आणि सुमारे तीन दशके चालवला. सैनिक, नवविवाहित जोडपी, ठेवणीतले कपडे घालून आलेली कुटुंबे अशी सारी गावकी त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसली. काचेच्या सुमारे ५,००० निगेटिव्ह पुढे संग्रहालयाकडे आल्या. २०१३ पासून चेझार पोपेस्कू या छायाचित्रकाराने स्वतःहून पुढाकार घेऊन त्यांच्या डिजिटल प्रती करण्यास आणि त्या सर्वांसाठी खुल्या करण्यास आरंभ केला. अनेक काचांवरचा थर तोवर पापुद्र्यासारखा सुटू लागला होता.

या ऱ्हासाचे कारण साधे आहे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने सुचवलेल्या पद्धतीत चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये मिसळून काचेवर पसरले जातात. जिलेटिन दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. काच मात्र तशीच राहते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की दोहोंची पकड सुटते.

म्हणूनच अशा संग्रहांवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांना पहिला धडा दिला जातो तो संयमाचा. नायट्राइलचे हातमोजे घालून काच दोन्ही हातांनी कडेला धरायची. धूळ मऊ कुंचल्याने झाडायची, तीही थर नसलेल्या बाजूची. थराला पाणी लावायचे नाही. वेष्टनावर क्रमांक लिहायचा तो पेन्सिलीने, आणि काच आत ठेवण्यापूर्वी. धडधाकट काचा लांब कडेवर उभ्या ठेवायच्या. तडकलेल्या व थर सुटणाऱ्या काचा आडव्या. दिवसाकाठी थोड्याच काचा हातावेगळ्या होतात, आणि ते योग्यच आहे.

अक्सिन्तेच्या विदीर्ण काचा आज अनेकांना कलाकृतींसारख्या सुंदर वाटतात. सुटलेल्या थराच्या सुरकुत्यांतून डोकावणारी वधू पाहून आपणही क्षणभर थबकतो. परंतु या सौंदर्यदृष्टीत एक धोका आहे. आपण ज्याला काव्य म्हणतो, ती कोणाच्या तरी आजीची एकमेव खूण असू शकते. अवशेषांच्या मोहात पडलेल्या रसिकाने एवढे भान ठेवावयास हवे.

दुसरा धोका डिजिटल प्रतीवर विसंबण्याचा. प्रत मिळाली म्हणजे मूळ वस्तूचे काम संपले, असे नव्हे; आणि प्रतीबरोबर नाव आले नाही, तर चेहरा वाचूनही माणूस हाती लागत नाही. काच जपणे, प्रतिमा जपणे आणि नाव जपणे ही तीन वेगळी कामे आहेत. यांतले तिसरे काम कोणतेही यंत्र करीत नाही. ते गावातली वृद्ध माणसेच करू शकतात, आणि त्यांच्याजवळचा वेळ काचेपेक्षाही कमी आहे.

राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड निघाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. कागदाला साधन मानण्याची दृष्टी आपल्याला त्या पिढीने दिली. तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावरील खोक्यांकडे त्याच दृष्टीने पाहणे हे आपले काम आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या रविवारी असे खोके उघडण्यापूर्वी एका जाणत्या आजोबांना सोबत घ्यावे. चेहरे कदाचित आणखी काही वर्षे टिकतील. नावे टिकतीलच असे नाही.