लँगरहान्स पेशींचे कोडे

१८६८ साली बर्लिनच्या पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने त्वचेतील फांद्यांसारख्या पेशी पाहिल्या व त्या मज्जातंतूंच्या मानल्या. वस्तुतः त्या शरीराच्या पहारेकरी होत, हे कळावयास शतक लोटले. तशाच पेशी साठून मुलांची हाडे पोखरणाऱ्या विरळ व्याधीस लिक्टेनस्टाइन यांनी १९५३ मध्ये ‘हिस्टिओसायटोसिस एक्स’ म्हटले. ‘एक्स’ म्हणजे अज्ञात. पेशी एकमेकींस निरोप धाडतात ती रसायने, म्हणजे सायटोकाइने, या गाठींत उतू जातात आणि हाड खाणाऱ्या पेशींना चेतवितात. म्हणून कित्येकांनी हा केवळ दाह मानला. २०१० साली तपासलेल्या निम्म्याहून अधिक गाठींत बी-रॅफ जनुकाचा बिघाड सापडला. दोष पेशीचा, नासधूस निरोपांची! शेणव्याच्या पोराच्या डोक्यावरील टेंगूळ जिरत नसेल, तर लेपावर न विसंबता क्ष-किरण तपासणी करावी, एवढा बोध आम्ही यातून घेतो.