पेरूची दोन आठवड्यांची सहल : आधी उंची बघा, मग तिकिटं काढा

आपल्याकडे पेरू म्हटलं की आधी फळ आठवतं. दक्षिण अमेरिकेतला पेरू हा देश मात्र माचू पिचूच्या फोटोंमुळे अनेकांच्या फिरण्याच्या यादीत असतो. सहल ठरवताना बहुतेक जण ठिकाणांची यादी करतात आणि नकाशावर जवळ दिसणारी ठिकाणं एकमेकांना जोडतात. पेरूमध्ये ही पद्धत अंगाशी येऊ शकते. तिथे किलोमीटरपेक्षा समुद्रसपाटीपासूनची उंची महत्त्वाची ठरते.

पेरू आकाराने महाराष्ट्राच्या चौपट आहे. पश्चिमेला वाळवंटी किनारपट्टी, मधोमध अँडीज पर्वत आणि पूर्वेला अॅमेझॉनचं जंगल असे त्याचे तीन पट्टे आहेत. दोन आठवड्यांत तिन्ही नीट बघून होत नाहीत. पहिल्या खेपेला किनारा आणि दक्षिणेकडचे डोंगर एवढंच ठेवलेलं बरं.

उंचीचा त्रास नेमका का होतो?

राजधानी लिमा समुद्रकिनारी आहे. कुस्को हे इंका साम्राज्याचं जुनं राजधानीचं शहर सुमारे ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास लेहच्या उंचीवर. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे, यावरून अंदाज यावा.

कुस्कोमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात शरीराला कमी ऑक्सिजन मिळतो. याची सवय व्हायला काही दिवस लागतात. लिमाहून विमानाने कुस्कोला जायला जेमतेम सव्वा तास लागतो, आणि शरीर एवढ्यात जुळवून घेऊ शकत नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणं, धाप लागणं आणि झोप न येणं ही त्रासाची पहिली लक्षणं. तरुण, धडधाकट, रोज व्यायाम करणाऱ्या माणसालाही हा त्रास होऊ शकतो.

साधारण नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. त्रास सुरू झाला तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, तोल जात असेल किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल, तर फुप्फुसात किंवा मेंदूत सूज आल्याची शक्यता असते. तेव्हा सकाळची वाट न बघता खाली उतरणं आणि डॉक्टर गाठणं हाच उपाय. त्रास टाळण्यासाठी अॅसिटाझोलामाइड हे औषध दिलं जातं, पण ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं.

मग क्रम कसा लावायचा?

मुक्काम हळूहळू उंचावत जाईल असा. पेरूमधले १४ दिवस असे मांडता येतात :

दिवस १-२ : लिमा. पहिला दिवस आराम. भारत आणि पेरूच्या वेळेत साडेदहा तासांचा फरक आहे. दुसऱ्या दिवशी जुनं शहर आणि लार्को संग्रहालय.

दिवस ३-४ : पाराकास. लिमाहून बसने सुमारे चार तास. सकाळच्या बोटीने बायेस्तास बेटांवरचे सी लायन आणि पेंग्विन बघून परत लिमा.

दिवस ५-६ : आरेकिपा (सुमारे २,३०० मीटर). लिमाहून विमानाने. पांढऱ्या ज्वालामुखी दगडातलं शहर, सांता कातालिना मठ आणि समोर ५,८२२ मीटरचा मिस्ती ज्वालामुखी.

दिवस ७-८ : सेक्रेड व्हॅली, म्हणजे उरुबांबा नदीचं खोरं (सुमारे २,८०० मीटर). कुस्कोला विमानाने उतरून तिथे न थांबता गाडीने थेट खोऱ्यात जायचं. पिसाक, मोराय आणि मारासची मिठागरं.

दिवस ९ : ओयांतायतांबोचे अवशेष, मग रेल्वेने आग्वास कालियेंतेस (सुमारे २,००० मीटर).

दिवस १० : माचू पिचू (सुमारे २,४३० मीटर). संध्याकाळी कुस्को.

दिवस ११ : कुस्को. कोरिकांचा आणि साक्सायवामान.

दिवस १२-१३ : पुनो (सुमारे ३,८०० मीटर). बसने दिवसभराचा प्रवास. दुसऱ्या दिवशी तितिकाका सरोवर आणि वेताच्या जातीच्या गवतावर तरंगणारी उरोस बेटं.

दिवस १४ : हुलियाका विमानतळावरून लिमा. रात्री तिथेच मुक्काम, परतीचं विमान दुसऱ्या दिवशी.

माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळपास हजार मीटर खाली आहे, हे अनेकांना माहीत नसतं. म्हणून आधी खोरं, मग माचू पिचू आणि शेवटी कुस्को हा क्रम शरीराला सोपा जातो. इन्स्टाग्रामवर गाजलेला रंगीत डोंगर विनिकुंका ५,००० मीटरच्या वर आहे. कुस्कोत पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिथे जाणं धोक्याचं आहे. जायचंच असेल तर पुनो वगळून कुस्कोतला मुक्काम वाढवावा.

भारतातून पेरूला थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिकेतून जाण्या-येण्यात मिळून तीन-चार दिवस जातात. एकूण रजाच दोन आठवड्यांची असेल, तर पाराकास आणि पुनो ही दोन टोकं कापावीत. मधला क्रम तसाच ठेवावा.

कधी जावं?

अँडीजमध्ये मे ते सप्टेंबर कोरडा मोसम असतो. दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी हा सूर्योत्सव असतो, त्या सुमारास गर्दी आणि दर दोन्ही वाढतात. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे दिवस. जानेवारी २०१० मध्ये पुरामुळे रेल्वेमार्ग तुटला आणि माचू पिचूजवळ अडकलेल्या पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं होतं. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा मधला काळ बऱ्याच जणांना सोयीचा पडतो. लिमाचं गणित उलट आहे. तिथे जून ते सप्टेंबर आभाळ धुक्याने करडं असतं.

आधी काय बुक करायचं?

माचू पिचूचं प्रवेश तिकीट सर्वात आधी. रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित असते. तिकिटावर तारीख, वेळ आणि आत फिरण्याचा ठरावीक मार्ग छापलेला असतो. फोटोत दिसणारं वरून टिपलेलं दृश्य प्रत्येक मार्गावरून दिसत नाही, म्हणून तिकीट घेताना मार्ग नीट तपासावा. मागे दिसणारं वायना पिचू शिखर चढायचं तर त्याचं तिकीट वेगळं. नाव आणि क्रमांक पासपोर्टप्रमाणेच लिहावेत. प्रवेशद्वारावर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो.

तिकीट हातात आल्यावर रेल्वे. आग्वास कालियेंतेसला बाहेरून गाडीरस्ता जात नाही. ओयांतायतांबोहून रेल्वेने दीड-दोन तासांत तिथे पोचतात आणि तिथून वर बस जाते. रेल्वेत मोठ्या बॅगा चालत नाहीत, त्यामुळे मोठं सामान खोऱ्यातल्या हॉटेलात ठेवून जायची पद्धत आहे.

चार दिवसांच्या इंका ट्रेलवर रोज हमाल आणि गाइड धरून फक्त ५०० जणांना सोडतात. परवाना अधिकृत संस्थेमार्फतच मिळतो आणि तो काही महिने आधी संपतो. फेब्रुवारीत हा मार्ग बंद असतो. वाटेतली सर्वात उंच खिंड ४,२१५ मीटरवर आहे.

व्हिसा आणि पिवळ्या तापाची लस

भारतीय पासपोर्टधारकांना पेरूचा व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने वैध व्हिसा किंवा तिथला कायम रहिवासाचा परवाना असेल, तर पर्यटनासाठी सूट मिळते. निघण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा तपासावा. अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो.

लशीकडे मात्र अनेकांचं दुर्लक्ष होतं. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत पेरू आहे. त्यामुळे अॅमेझॉनच्या जंगलात पाऊल न ठेवलेल्या प्रवाशाकडेही परतताना लशीचं प्रमाणपत्र असावं लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची अॅलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहायची वेळ येत नाही. आपल्या बटाट्याचं मूळ अँडीजमध्येच आहे आणि पेरूमध्ये त्याच्या हजारो जाती आहेत. मका, किनोआ, घेवड्याच्या जातीच्या शेंगा, चीज आणि अंडी सगळीकडे मिळतात. ‘चिफा’ म्हणजे पेरूच्या धाटणीची चिनी खानावळ, तिथे भाज्या घातलेला भात मिळतो. अडचण सुपाची असते, कारण भाज्यांच्या सुपालाही बरेचदा कोंबडीचं पाणी वापरतात. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे नकोत, एवढं स्पॅनिश पाठ करून जावं.

डोंगरात हॉटेलवाले कोकाच्या पानांचा चहा देतात. पेरूमध्ये तो कायदेशीर आहे. भारतात मात्र कोकाची पानं अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. आठवण म्हणून चहाची पुडीसुद्धा बॅगेत टाकू नये. नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होत असेल, तर हा चहा पिणंही टाळावं.

वेळापत्रकात मोकळी जागा का हवी?

पेरूमध्ये संप आणि रास्ता रोको अधूनमधून होतात. त्याला तिथे ‘पारो’ म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये आंदोलनांमुळे माचू पिचू काही आठवडे बंद होतं. माचू पिचू सहलीच्या शेवटच्या दोन दिवसांत कधीही ठेवू नये. वरच्या आराखड्यात त्यानंतर चार दिवस उरतात. रेल्वे किंवा रस्ता बंद पडला तर पुनो सोडून देता येतं आणि लिमाहून सुटणारं परतीचं विमान चुकत नाही.