हुला: कोरडे केलेले तळे आणि परत आणलेले पाणी

गॅलिलीच्या उत्तरेला जाताना आपल्यापैकी अनेकांनी हुलाचे खोरे पाहिले असेल. आज तेथे शेते दिसतात. 1950 पूर्वी तेथे उथळ तळे आणि पपायरसची दलदल होती. म्हशी पाळणारी, पपायरसच्या चटया विणणारी अरब कुटुंबे तेथे राहत. 1948 च्या युद्धात ती विस्थापित झाली.

1951 ते 1958 या काळात केरेन कायेमेतने कालवे खोदून हे पाणी काढून टाकले. हेतू दोन: शेतीला जमीन आणि मलेरियाचा बंदोबस्त. कोकणातून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना अशी कामे नवी नव्हती. बांध घालून खाजणात भात पिकवणे तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु खाजणात चिकणमाती असते. हुलात मोठ्या भागात पीट होते, म्हणजे पाण्याखाली हजारो वर्षे अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींचा थर.

आम्हा रसायनशास्त्राच्या माणसांना पुढचे समजायला सोपे आहे. पाणी होते तोवर पीटला ऑक्सिजन मिळत नव्हता. पाणी गेले, हवा आत शिरली. पीटचा कार्बन डायऑक्साइड होऊ लागला, जमीन खचली, कोरडी भुकटी वाऱ्यावर उडाली, जमिनीखाली आगी धुमसल्या. पीटमधला नायट्रोजन नायट्रेट होऊन जॉर्डन नदीवाटे किनेरेटमध्ये उतरू लागला, आणि 1964 पासून देशाची मुख्य जलवाहिनी तेथूनच पाणी उचलत होती. दलदल ही गाळणी होती, हे ती गेल्यावर ध्यानात आले.

सगळेच गप्प बसले नव्हते. या विरोधातूनच 1953 मध्ये अझारिया अलोन, अमोत्झ झहावी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्गसंरक्षण संस्था काढली. दलदलीचा एक लहान तुकडा वाचला आणि 1964 मध्ये देशातील पहिले अभयारण्य ठरला. नामशेष म्हणून 1996 मध्ये जाहीर झालेला हुलाचा रंगीत बेडूक 2011 मध्ये तेथेच पुन्हा सापडला.

1994 मध्ये नापीक झालेल्या शेतांच्या काही भागात मुद्दाम पाणी सोडले. तेच आगमोन. आता हिवाळ्यात तेथे हजारो क्रौंच उतरतात. बाकी खोरे शेतीखालीच आहे.

मुलांना घेऊन जाल तेव्हा दोन्ही जागा दाखवा: एक वाचवलेली, दुसरी परत मिळवलेली. आणि हेही सांगा, की पाणी परत आणता आले, जळून गेलेले पीट मात्र आणता आले नाही.