‘व्हिडिओ’ म्हणजे ‘मी पाहतो’

मोबाइलवर रोज ज्यावर बोट ठेवतो, तो ‘व्हिडिओ’ म्हणजे लॅटिनमधलं अख्खं वाक्य आहे: ‘मी पाहतो’. मूळ क्रियापद ‘विदेरे’, म्हणजे पाहणे. पासपोर्टवरचा ‘व्हिसा’ म्हणजे पाहिलेला, तपासलेला कागद. ‘प्रोविदेरे’ म्हणजे पुढचं पाहणं. प्रॉव्हिडंट फंड त्यातलाच. पण मला सर्वांत भिडतो तो ‘इन्विदिआ’. एखाद्याकडे वाकड्या नजरेनं पाहणं, म्हणून मत्सर. इंग्रजीतला ‘एन्व्ही’ तिथूनच आला. इटालियन कवी दान्तेच्या ‘पुर्गातोरिओ’ या काव्यात मत्सरी माणसांच्या पापण्या लोखंडी तारेनं शिवलेल्या आहेत. पाप नजरेचं, शिक्षाही नजरेलाच. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळून बाळाची दृष्ट काढतात, तिथेही भीती नजरेचीच. आणि ‘विदेरे’ संस्कृत ‘विद्’चा सख्खा भाऊ आहे: तिकडे पाहणं, इकडे जाणणं. ‘वेद’ याच ‘विद्’चा.